झिजलेली गादी पुन्हा भरते का? आणि गुडघ्याची कूर्चा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजला आहे की नाही ते तुम्हालाही कळेल. वय ४६. दोन वर्षांपासून कंबर दुखते. एमआरआयमध्ये कंबरेच्या मणक्यांमधल्या शेवटच्या दोन गाद्या काळ्या पडलेल्या दिसतात, आणि डाव्या गुडघ्याच्या एक्स-रेवर मध्यम झीज आहे. एका ठिकाणी तुम्हाला सांगितलं गेलं की तुमच्याच शरीरातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, काढून गादीत आणि गुडघ्यात सोडल्या की दोन्ही नव्यासारखे होतील आणि पुढची शस्त्रक्रिया टळेल. हे खरं आहे का, आणि करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

ज्या शब्दांत तुम्हाला सांगितलं गेलं, त्या शब्दांत हे खरं नाही. आज करून घेऊ नका. पण एवढं सांगून मी थांबले तर तुमचं समाधान होणार नाही. शिवाय या विषयावर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या संशोधकांवरही तो अन्याय होईल. म्हणून जरा सविस्तर लिहिते. गेली पंचवीसेक वर्षं मी मणके आणि सांधे तपासते आहे, आणि या उपचारांची मी स्वतः फार आशेने वाट पाहिली आहे, अजूनही पाहते.

सुरुवात तुमच्या रिपोर्टपासून. 'मणक्यात गॅप आलाय' हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते. गंमत अशी की होतं नेमकं उलट, गादी पातळ होते आणि दोन मणक्यांमधलं अंतर कमी होतं. शब्दाची चूक म्हणून हे सोडून देता आलं असतं, पण 'गॅप' म्हटलं की माणसाला वाटतं काहीतरी भरून काढायचं राहिलं आहे, आणि भरणारं इंजेक्शन मग आपोआप पटतं. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना पाठीचा काहीही त्रास नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत दिसली, चाळिशीत ६८ टक्के, पन्नाशीत ८० टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के. पुन्हा सांगते, यांपैकी कुणाचीही पाठ दुखत नव्हती. तुमची गादी काळी दिसते म्हणजे तिच्यातलं पाणी कमी झालं आहे, एवढंच त्या चित्रातून कळतं. दुखणं तिथूनच येतं हे त्यावरून सिद्ध होत नाही. गादी नवी केली तरी दुखणं जाईलच असं का म्हणता येत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

आता गादीकडे येऊ. तिचे तीन भाग असतात. मधे जेलीसारखा गाभा, त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी कडक तंतूंची वेढणी, आणि वर-खाली मणक्याच्या हाडाला चिकटलेली कूर्चेची पातळ झाकणं. गाभ्यात अॅग्रिकन नावाचे मोठे रेणू असतात, ते पाणी धरून ठेवतात. दिवसभर उभं राहिल्यावर वजनाने थोडं पाणी बाहेर जातं, रात्री आडवं झाल्यावर परत येतं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो, आणि अंतराळात राहणाऱ्यांची उंची वाढते.

या गाभ्यात रक्तवाहिनी नसते. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्या नसलेला एवढा मोठा अवयव दुसरा नाही. मधोमध असलेली पेशी जवळच्या रक्तवाहिनीपासून सात-आठ मिलिमीटर दूर असू शकते. तिला प्राणवायू आणि साखर मिळते ती झाकणातून हळूहळू झिरपत. आत प्राणवायू अगदी कमी, आम्लता जास्त, साखर मोजकी. त्यामुळे तिथे पेशीही तुरळकच असतात, गाभ्याच्या आकारमानाच्या साधारण एक टक्का. वयाबरोबर झाकणं कडक होतात, काही ठिकाणी चुना साचतो, झिरपणं मंदावतं, आणि मग असलेल्या पेशीही उपाशी राहतात.

अशा ठिकाणी बाहेरून लाखो पेशी सोडल्या तर काय होईल? खडकावर पेरणी केल्यासारखं. जी जमीन थोड्या रोपांनाही पोसू शकत नाही, तिच्यात बियाणं वाढवून पीक येत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयाची गाठ इथे आहे. पेशी मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. त्या जगतील अशी जागा तयार करणं अवघड आहे, आणि जाहिरातीत त्याबद्दल एक शब्दही नसतो.

मग प्राण्यांवरच्या प्रयोगांत गाद्या भरलेल्या दिसतात त्या कशा? माणसाच्या गाभ्यात जन्मतः नोटोकॉर्डच्या, म्हणजे गर्भावस्थेतल्या मूळ कण्याच्या पेशी असतात. त्या बालपणातच जवळपास नाहीशा होतात. ससा, डुक्कर आणि कुत्र्याच्या बऱ्याच जातींमध्ये त्या मोठेपणीही टिकून असतात. त्यांची गादी मुळातच दुरुस्तीला अनुकूल. त्यात ससा चार पायांवर चालतो, त्याची गादी इवलीशी, आणि झीज आपणच सुई टोचून काही आठवड्यांत घडवलेली. तिची तुलना चाळीस वर्षांत हळूहळू वाळलेल्या माणसाच्या गादीशी करता येत नाही. सशांतल्याच एका अभ्यासात, २०१२ मध्ये, सोडलेल्या पेशी गादीतून बाहेर पाझरल्या आणि कडेला हाडाचे काटे तयार झाल्याचं दिसलं. ज्या कारणासाठी पेशी घालायच्या, त्याच्या उलट.

सुईचा मुद्दा जरा थांबून वाचा, कारण तो तुमच्या निर्णयाशी थेट जोडलेला आहे. पूर्वी दुखणारी गादी शोधण्यासाठी तिच्यात सुईने रंगद्रव्य सोडून तपासणी करत. २००९ साली अमेरिकेतले मणक्यांचे शल्यविशारद कॅरागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांचा दहा वर्षांनंतरचा एमआरआय प्रसिद्ध केला. पातळ सुई वापरूनही, टोचलेल्या गाद्यांची झीज न टोचलेल्यांपेक्षा जास्त झाली होती. गादी सरकल्याच्या नव्या घटना टोचलेल्या गटात ५५ होत्या, तुलनेच्या गटात २२. म्हणजे गादीत काहीही सोडायचं तर आधी वेढणीला भोक पाडावं लागतं, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागू शकते. फायदा त्या किमतीपेक्षा मोठा आहे हे सिद्ध झाल्याशिवाय मी कुणाच्या गादीत सुई घालणार नाही.

सिद्ध झालं आहे का? गादीसाठीच्या पेशींवरची सर्वांत मोठी चाचणी ४०४ रुग्णांवर झाली. दात्याच्या अस्थिमज्जेतून घेतलेल्या पेशी एकदाच टोचल्या आणि तुलनेला मिठाचं पाणी दिलं. वेदना आणि हालचाल दोन्ही मिळून जे मुख्य उद्दिष्ट आधी ठरवलं होतं, ते गाठता आलं नाही. वेदनेच्या काही दुय्यम मोजमापांत फरक दिसला, म्हणून संशोधकांनी पुढची चाचणी हाती घेतली. ते योग्यच आहे, पण त्यावरून आज उपचार विकता येत नाही. युरोपातल्या चार देशांत मिळून ११४ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. दात्याच्या पेशी एका गटाला, खोटं इंजेक्शन दुसऱ्या गटाला. उपचार सुरक्षित ठरला, पण वर्षानंतर खोट्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरला नाही. त्याआधी दहा-वीस रुग्णांवरचे उत्साहवर्धक निकाल बरेच आले होते, आणि क्लिनिकमध्ये तुम्हाला दाखवतात ते तेच.

आशा संपली आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. २०१२ साली जपानमधल्या तोकाई विद्यापीठाच्या गटाने गादीच्या गाभ्यातच राहणाऱ्या पूर्वज पेशी ओळखल्या. त्यांचं प्रमाण वयाबरोबर घटतं हेही दाखवलं. गादीच्याच पेशी वाढवून वापरायच्या, म्हणजे कमी प्राणवायूत जगायची सवय असलेलं बियाणं निवडायचं, हा विचार मला अस्थिमज्जेच्या पेशींपेक्षा जास्त पटतो. अशा पेशींच्या सुरुवातीच्या मानवी चाचण्या झाल्या आहेत. पेशी धरून ठेवणारे जेल, वेढणीतलं भोक बुजवणारे पदार्थ, झाकणातून झिरपणं मोजणारे एमआरआय, हीही कामं चालू आहेत. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते झाकणांवरचं काम, कारण जमिनीकडे लक्ष देणारं तेच आहे. ते हळू चालतं आणि बातम्यांत येत नाही.

आता गुडघा. लोक म्हणतात 'वंगण संपलं', पण झिजते ती कूर्चा. हाडांच्या टोकांवरचा हा गुळगुळीत थर काही मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत. शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही. का येत नाही, याचा एक विलक्षण पुरावा अलीकडे मिळाला. १९५०-६० च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि मग उतरत गेला. त्या काळात शरीरात बनलेल्या ऊतींवर त्याची तारीख उमटून राहिली. २०१६ मध्ये या खुणेवरून गुडघ्याच्या कूर्चेतल्या कोलॅजेनचं, म्हणजे तिचा सांगाडा बनवणाऱ्या तंतुमय प्रथिनाचं, वय काढलं, तेव्हा दिसलं की तो सांगाडा वाढीच्या वयात एकदा बनतो आणि नंतर जवळजवळ बदलत नाही. झिजलेल्या गुडघ्यातही नाही. म्हणजे आज तुमच्या गुडघ्यात जे कोलॅजेन आहे, ते तुमच्या लहानपणचं आहे. एका इंजेक्शनने ते नव्याने विणलं जाईल असं कुणी म्हणालं, तर हा पुरावा आठवा.

तरीही दुरुस्तीची थोडी ताकद कुठेतरी आहे. २०१९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की घोट्याच्या कूर्चेतली प्रथिनं तरुण असतात, गुडघ्यातली मधली आणि खुब्यातली सर्वांत जुनी. सॅलॅमँडर हा पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी ज्या सूक्ष्म आरएनएंच्या (जनुकांचं काम कमी-जास्त करणाऱ्या छोट्या रेणूंच्या) मदतीने तुटलेला पाय पुन्हा उगवतो, त्यांतले काही माणसाच्या कूर्चेतही सापडले, आणि घोट्यात ते जास्त होते. नेदरलँड्समध्ये उट्रेक्ट इथे आणखी वेगळा मार्ग धरला गेला. गुडघ्याच्या बाहेर चौकट बसवून सांधा सुमारे ५ मिलिमीटर ताणून दोनेक महिने तसाच ठेवायचा. पेशी घातल्या नाहीत, औषध घातलं नाही, फक्त भार काढला, आणि एमआरआयवर कूर्चेची जाडी वाढलेली दिसली. उपचार म्हणून तो सोपा नाही. चौकटीच्या पिनांना जंतुसंसर्ग होतो आणि दोन महिने फार कठीण जातात. पण भार आणि परिसर बदलला की शरीर स्वतः काही करू पाहतं, हे त्यातून इतकं स्पष्ट दिसतं की मी तो अभ्यास विसरू शकत नाही.

कूर्चेच्या पेशी वाढवून परत बसवण्याचा उपचार मात्र खरोखर आहे. स्वीडनमधल्या ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पहिल्या २३ रुग्णांचे निकाल दिले, आणि नंतर अमेरिकेत त्याला परवानगीही मिळाली. पण तो तरुण माणसाच्या गुडघ्यातल्या एकाच ठिकाणच्या खड्ड्यासाठी आहे, जिथे भोवतालची कूर्चा धडधाकट असते. सगळीकडून झिजलेल्या सांध्यासाठी नाही. तुम्हाला सांगताना हे दोन प्रकार एकत्र मिसळले गेले असावेत.

पीआरपीबद्दलही, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या, बिंबिकांनी (प्लेटलेट्सनी) समृद्ध द्रवाच्या इंजेक्शनबद्दलही, तुम्ही विचारलंत. २०२१ मधल्या चाचणीत २८८ रुग्णांना पीआरपी किंवा मिठाचं पाणी दिलं. वर्षानंतर वेदनेत किंवा कूर्चेच्या आकारमानात लक्षणीय फरक नव्हता. आणि २०२३ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत अस्थिमज्जेच्या, चरबीच्या आणि नाळेच्या पेशी अशा तिन्हींची तुलना साध्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनशी केली. रुग्ण पावणेपाचशेच्या आसपास होते. वर्षानंतर एकही प्रकार स्टिरॉइडपेक्षा सरस ठरला नाही.

एका औषधाने मात्र कूर्चा खरंच वाढली, आणि ती गोष्ट मला सर्वांत जास्त शिकवून गेली. स्प्रिफर्मिन हा वाढीचा घटक ५४९ रुग्णांच्या चाचणीत दिला गेला. त्याचे निकाल २०१९ मध्ये आले. दोन वर्षांनी वरच्या मात्रेच्या गटात कूर्चेची जाडी प्लासिबोच्या (औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनच्या) तुलनेत ०.०५ मिलिमीटरने जास्त होती. फरक मोजता येण्यासारखा होता, पण वेदनेत प्लासिबोपेक्षा लक्षणीय सुधारणा झाली नाही. चित्र सुधारणं आणि माणूस सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचे सगळे दावे वाचताना हे डोक्यात असू द्या.

मग एवढ्या लोकांना बरं वाटल्याचं ऐकू येतं ते खोटं का? नाही, त्यांना खरोखर बरं वाटतं. दुखणं चढतं-उतरतं, आणि माणूस उपचाराला येतो तो सहसा ते चढलेलं असताना, त्यामुळे पुढचे महिने तसेही बरे जातात. त्यात सुई, अपेक्षा आणि काळजीने विचारपूस करणारं माणूस यांचा परिणाम मिसळतो. मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शननेही गुडघ्याचं दुखणं बऱ्यापैकी कमी होतं. म्हणूनच तुलनेचा गट नसलेल्या कुठल्याही आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

'स्टेम सेल' या शब्दाबद्दलही एक सांगते. या उपचारांत सहसा वापरतात त्या पेशींचं मेसेन्कायमल स्टेम सेल हे नाव अमेरिकी जीवशास्त्रज्ञ अर्नॉल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये रूढ केलं. २०१७ मध्ये त्यांनीच लिहिलं की हे नाव आता बदलायला हवं, कारण शरीरात सोडल्यावर या पेशी नवी ऊती बनत नाहीत. त्या रासायनिक संदेश सोडतात आणि थोड्या काळाने नाहीशा होतात. ज्यांनी नाव दिलं तेच असं म्हणत असताना 'नवी गादी उगवेल' हा दावा कशावर उभा राहतो?

धोकेही आहेत. 'स्वतःच्याच पेशी, मग अपाय कसला?' हे ऐकायला बरं वाटतं, पण गादीत जंतू गेले तर महिनोन्महिने प्रतिजैविकं घ्यावी लागतात, कधी शस्त्रक्रियाही. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या उत्पादनांमुळे १२ रुग्णांना जंतुसंसर्ग झाल्याची सरकारी नोंद आहे. दक्षिण कोरियात २०१७ मध्ये परवानगी मिळालेलं गुडघ्याचं एक पेशी-औषध २०१९ मध्ये बंद झालं, कारण त्यातल्या काही पेशी कूर्चेच्या नव्हत्याच. त्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या प्रयोगशाळेतल्या पेशी निघाल्या. परवानगी आणि तपासणी असूनही असं होऊ शकतं. मग जिथे बाटलीत किती पेशी आहेत आणि त्यांतल्या किती जिवंत आहेत हेही कुणी मोजत नाही, तिथे काय होत असेल याची मला खरोखर काळजी वाटते.

आता तुम्ही काय करावं. गुडघ्यासाठी मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, आठवड्यातून दोन-तीन वेळा, हळूहळू वजन वाढवत, निदान तीन महिने. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हा मला माहीत असलेला सर्वांत परिणामकारक उपाय. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. २०२४ मध्ये लठ्ठपणा आणि गुडघेदुखी दोन्ही असलेल्या ४०७ जणांवर सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाची चाचणी झाली. वजन सरासरी १३.७ टक्के उतरलं आणि शंभराच्या मापावर वेदना ४१.७ अंकांनी कमी झाली. प्लासिबो गटातही ती २७.५ अंकांनी कमी झाली, हे मुद्दाम सांगते. मधल्या फरकात औषधाचा वाटा आहे. हे औषध सगळ्यांसाठी नाही, पण जमीन सुधारली की काय होतं हे त्यातून दिसतं.

कंबरेसाठी चालणं बंद करू नका. गादी दाबली जाणं आणि सुटणं यातूनच तिच्यातलं पाणी आत-बाहेर करतं, आणि नियमित धावणाऱ्यांच्या गाद्यांमध्ये पाणी जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. तुम्ही धावलंच पाहिजे असं नाही. झपझप चालणंही चालेल. सिगारेट ओढत असाल तर सोडा, झाकणाजवळच्या बारीक रक्तवाहिन्या तिने आक्रसतात. आणि लघवी अडणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणं किंवा पाय लुळा पडणं, यांतलं काहीही झालं तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

संशोधनात सहभागी व्हायची इच्छा तुम्ही शेवटी लिहिली आहे, तिचा मला आनंद झाला. जरूर व्हा, पण नोंदणी झालेल्या चाचणीत. तिथे नैतिकता समितीची मंजुरी असते, तुलनेचा गट असतो, कुठला उपचार मिळेल ते चिठ्ठीने ठरतं आणि इंजेक्शनचे पैसे तुमच्याकडून घेतले जात नाहीत. पैसे भरून 'संशोधनात' घेतात तिथे उपचार विकला जातोय असं समजा.

एमआरआयचा पूर्ण रिपोर्ट परत काढून बघा. गादीच्या वर-खालच्या हाडात 'मोडिक' या नावाखाली काही बदल लिहिले आहेत का, आणि असतील तर पहिल्या प्रकारचे की दुसऱ्या, तेवढं मला कळवा. पहिल्या प्रकारचे असतील तर तुमच्या दुखण्याचा उगम गादीच्या गाभ्यापेक्षा त्या झाकणांपाशी शोधावा लागेल, आणि पुढचं बोलणं वेगळ्या दिशेने जाईल.